पावतीवाचून नोंद नको

पावती हाती आल्यावाचून कीर्दीत नोंद करू नये, हा धडा व्यापारी कुटुंबातील मुलाला दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या मिळतो. बँकेच्या नोकरीत मीही तोच धडा रोज गिरवला. मात्र आपली मुले शाळेच्या वहीत जे लिहितात त्याची पावती आपण कधी मागतो का? डोलवी येथे एका परिचित कुटुंबाकडे गेलो असता हा प्रश्न मला प्रथम पडला.

त्या घरातील सातवीतील कन्येने मोठ्या उत्साहाने आपला प्रकल्प दाखविला. विषय होता, आपल्या पेण तालुक्याचे सुपुत्र आचार्य विनोबा भावे. चार रंगीत पाने, सुबक अक्षर आणि मोबाईलवरून उतरवून घेतलेला मजकूर. पहिल्या पानावर विनोबांचा जन्म ‘कुलाबा जिल्ह्यात’ झाला होता आणि तिसऱ्या पानावर ‘रायगड जिल्ह्यात’. मी सहज विचारले, “बाळ, यातले खरे कोणते?” ती गोंधळली. “आजोबा, दोन्ही तसेच लिहिलेले होते,” एवढेच ती म्हणाली. तिचा दोष नव्हता. माहिती कोठून आणावी हे तिला ठाऊक होते. ती पारखावी कशी, हे तिला कोणी शिकविलेच नव्हते.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे पेणच्या वाचनालयात गेलो. प्रथम चरित्र उघडले. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे झाला, हे निश्चित झाले. मग जिल्ह्याचा शोध सुरू झाला. जुन्या पुस्तकात कुलाबा, नव्यात रायगड. तिने दोन्ही पुस्तकांची प्रकाशनवर्षे पाहिली आणि गाठ आपोआप सुटली. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले. म्हणजे जन्माच्या वेळी गागोदे कुलाबा जिल्ह्यात होते, आज ते रायगड जिल्ह्यात आहे. द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव यांच्या अपेक्षेने एकच वस्तू निरनिराळी दिसते, असे आपण प्रवचनात ऐकतो. त्या दिवशी एका बालिकेला अनेकान्ताचा अर्थ पुस्तकाच्या प्रकाशनवर्षातून उमगला.

तेथून तिची जिज्ञासा स्वतःच्या गावाकडे वळली. आज डोलवी म्हटले की पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. त्यापूर्वी येथे काय होते? १८८३ साली प्रसिद्ध झालेले या जिल्ह्याचे गॅझेटियर आता संगणकावरही वाचता येते. ते इंग्रजीत आहे, त्यामुळे मोठ्यांची मदत लागते. शिवाय त्यात ‘रायगड’ शोधल्यास किल्ला सापडतो, जिल्हा नाही; जिल्ह्यासाठी ‘कुलाबा’च शोधावे लागते. योग्य शब्द हाती नसेल तर भरलेले भांडारही रिकामे भासते, हा तिचा दुसरा धडा. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि खारी जमीन भातशेतीखाली आणायची, ही खारेपाटाची जुनी रीत. अशा जमिनीच्या शिलोत्री पद्धतीचा उल्लेखही तिला त्यात मिळाला. हा शब्द घेऊन ती शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याकडे गेली. उधाणाने बांधाला खांड पडली की सारे गाव कसे धावून जाई, हे त्यांनी सांगितले. ग्रंथाने दिलेल्या माहितीला जाणत्या माणसाने जिवंतपणा दिला.

विचार केला तर हे शिक्षण आपल्याला नवे नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचावे, शंका विचारावी, मनन करावे, उजळणी करावी आणि मग इतरांना सांगावे. आजचा विद्यार्थी पहिल्या पायरीवरून थेट पाचवीवर उडी घेतो. मधल्या तीन पायऱ्या गळाल्या की उरते ती केवळ नक्कल.

ग्रंथ जपण्याच्या कामी आपल्या समाजाने कधी हात आखडता घेतला नाही. पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारे त्याची साक्ष देतात. तेथील हस्तलिखिते नीट लावून त्यांच्या सूची करण्यासाठी मुनी पुण्यविजयजींनी अपार परिश्रम घेतले, कारण सूचीवाचून भांडार म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी १८६४ मध्ये दोन लाख रुपये देणारे प्रेमचंद रायचंद हे आपल्याच समाजातील व्यापारी होते. ग्रंथालयावरील मनोऱ्यासाठी त्यांनी आणखी दोन लाख दिले आणि त्या मनोऱ्याला मातोश्री राजाबाईंचे नाव लाभले.

प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तथापि कपाटाला कुलूप असेल तर कायद्याचे पालन कागदावरच राहते. पालकांनी शाळेत जाऊन आदराने एवढेच विचारावे, की मुलांच्या हाती पुस्तके आठवड्यातून किती वेळा पडतात? घरीही काही गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. मुलाला गावच्या वाचनालयाचे सभासद करावे. त्याला नुसता विषय न देता प्रश्न द्यावा. ‘मीठ’ हा विषय झाला, ‘खाडीच्या पाण्याचे मीठ कसे होते?’ हा प्रश्न झाला. अनुक्रमणिका पुस्तकाच्या आरंभी आणि सूची शेवटी असते, हे दाखवावे. उत्तर किमान दोन ठिकाणी पडताळून पाहण्यास सांगावे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून सुरू झालेला मराठी विश्वकोश आता संगणकावरही विनामूल्य उपलब्ध आहे. मोबाईल हाती आलाच, तर आधी तो उघडावा. उत्तराखाली लेखक, ग्रंथ, वर्ष आणि पृष्ठ लिहिण्याची सवय लावावी. आणि उत्तर मिळाले नाही, तर ‘मिळाले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाची पाठ थोपटावी. शिल्लक जुळत नसताना जुळल्याचे दाखविणारा मुनीम आपण दुकानात ठेवत नाही.

त्या कन्येने प्रकल्प पुन्हा लिहिला. आता चाराऐवजी दोनच पाने झाली, चित्रेही कमी झाली. पण तळाशी तीन ओळी होत्या: दोन पुस्तकांची नावे आणि ‘शेजारच्या आजोबांनी सांगितले’. माझ्या दृष्टीने त्या तीन ओळी म्हणजेच पक्की पावती.

ज्ञानपंचमीला, दिगंबर परंपरेत श्रुतपंचमीला, आपण ग्रंथांवरची धूळ झटकून त्यांची पूजा करतो. येत्या पंचमीला पूजा आटोपल्यावर मुलाने त्यांतील एक ग्रंथ उघडावा आणि एक प्रश्न विचारावा. उत्तर आपल्याला ठाऊक नसले तर फारच उत्तम. दोघांनी मिळून वाचनालयाची वाट धरावी.