खिळ्याविना उभी जाळी

दातांच्या उपचारांचे साहित्य बनवणारी कंपनी संशोधन केंद्र बांधायला निघाली, तर काचेचा चकचकीत ठोकळा उभा राहील असेच कुणालाही वाटेल. जपानमध्ये नागोयाजवळच्या कासुगाई शहरात २०१० साली पूर्ण झालेले ‘जीसी प्रोस्थो म्युझियम रिसर्च सेंटर’ मात्र रस्त्यावरून दिसते ते लाकडी काठ्यांच्या दाट जाळीसारखे. ही जाळी जोडायला ना खिळा वापरला आहे, ना लोखंडी पट्टी.

वास्तुकार केन्गो कुमा यांना ही कल्पना सुचली एका खेळण्यावरून. हिदा-ताकायामाच्या डोंगराळ भागात ‘चिदोरी’ नावाचे जुने खेळणे आहे: विशिष्ट खाचा पाडलेल्या छोट्या काठ्या. दोन काठ्या एकमेकींत बसवायच्या, उरलेल्या फटीतून तिसरी सरकवायची आणि जागेवर पिळायची. सांधा पक्का होतो. उलट पिळले की सुटतो. हिदाचे सुतार जपानच्या प्राचीन नारा काळापासून नावाजलेले. या प्रांताकडून कराऐवजी राजधानीच्या बांधकामांसाठी सुतारच मागवले जात. अशा मुलखातल्या खेळण्यातही सुतारकीचे मर्म उतरले, यात नवल नाही.

खेळण्यातल्या काठीची जाडी जेमतेम १२ मिलिमीटर. कुमांनी २००७ मध्ये मिलानमध्ये याच सांध्याचा एक मंडप उभारून पाहिला होता. कासुगाईत काठीची जाडी ६० मिलिमीटर झाली, लांबी दोन किंवा चार मीटर, आणि त्यांतून ५० सेंटिमीटरच्या चौकोनी घरांची जाळी विणली गेली.

पण खेळणे नुसते मोठे केले की इमारत होत नाही. सांधा जितका बेमालूम, तितकी खाच खोल. आणि जिथे तीन काठ्या भेटतात, नेमके तिथेच प्रत्येकीचे लाकूड सर्वांत कमी उरते. म्हणून रचना-अभियंता जुन सातो यांनी हे सांधे दाबून आणि वाकवून तपासले, आणि मगच भार त्यांच्यावर सोपवला. आपल्या वाड्यातला सागवानी खांब स्वतःच्या जाडीवर उभा असतो. इथली काठी एकटी दुबळीच, तिचे बळ शेजारच्या काठ्यांत आहे. इमारतीत काँक्रीटही आहे, पण जाळी केवळ सजावटीची नाही. संग्रहालयात तर तिचीच घरे वस्तू मांडायच्या फडताळासारखी वापरली आहेत.

अशा बारीक काठ्यांना जपानमध्ये वेगळे महत्त्व आहे. देशाचा सुमारे दोन-तृतीयांश भूभाग जंगलाखाली आहे, आणि त्यातले जवळपास ४० टक्के जंगल लावलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर सुगी आणि हिनोकी या झाडांची सरसकट लागवड झाली. पुढे परदेशी लाकूड स्वस्त मिळू लागले आणि या रोपवनांकडे दुर्लक्ष झाले. विरळणी न झालेल्या दाटीत झाडे सडपातळच राहतात. त्यांतून जाड तुळया निघत नाहीत, काठ्या मात्र निघू शकतात. सार्वजनिक इमारतींत लाकडाला उत्तेजन देणारा कायदाही जपानने २०१० मध्येच केला.

तरीही लाकूड वापरले म्हणजे पर्यावरण राखले, असे समीकरण मांडता येत नाही. कुमांच्याच २००० सालच्या बातो हिरोशिगे संग्रहालयावर छपरापर्यंत सुगीच्या पट्ट्या होत्या. उन्हापावसात त्या पाव शतकाच्या आत कुजल्या, आणि दुरुस्तीचा मोठा खर्च ते संग्रहालय असलेल्या लहान गावापुढे उभा राहिला. पाणी लाकडात सर्वांत वेगाने शिरते ते कापलेल्या टोकांतून. जपानी सुतार जुन्या देवळांच्या वाशांची टोके पांढऱ्या रंगाने झाकत आले. कासुगाईतल्या काठ्यांची टोकेही पांढरी रंगवलेली आहेत. दुरून नक्षी वाटावी असा हा रंग खरे तर लाकडाचे चिलखत आहे.

परंपरा आणि आधुनिकता यांचा मेळ म्हणून अनेकदा काँक्रीटच्या भिंतीवर लाकडी मुखवटा चढवला जातो. कासुगाईने परंपरेकडून सांधा घेतला, टोके रंगवण्याची शहाणी सवय घेतली, आणि सांध्याला प्रयोगशाळेच्या कसोटीवर उतरवले. लाकडी इमारत टिकाऊ ठरते ती लाकडामुळे नव्हे. कोणता भाग आधी झिजणार हे ओळखून त्याची निगा राखणारे हात आणि त्या हातांच्या पगाराची तरतूद असेल, तरच. नवी लाकडी वास्तू पाहताना वास्तुकाराच्या नावाआधी हाच हिशेब विचारायला हवा.