जिनिंग-प्रेसिंगसाठी कोणता पीएलसी घ्यावा? लोगो, डेल्टा की एस७-१२००?

मानवत, सेलू, परभणी या पट्ट्यात कापसाचा हंगाम लागला की जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांना उसंत नसते. अशा वेळी प्रेसचा पीएलसी बसला, तर गाठी बांधणं थांबतं आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. म्हणून पीएलसी घेताना फक्त किंमत विचारू नका. "बंद पडला तर किती वेळात चालू होईल?" हेही विचारा.

आधी मोजणी करा

लिमिट स्विच, पुश बटणं, मोटरचे ओव्हरलोड रिले हे झाले इनपुट. कॉन्टॅक्टर, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या कॉइल, दिवे हे आउटपुट. बेरीज करा आणि वर साधारण २० टक्के मोकळे ठेवा.

कोणता कुठे बसतो?

- सीमेन्स लोगो: मूळ युनिटला ८ इनपुट, ४ आउटपुट. पाण्याचा पंप किंवा एखादा कन्व्हेयर असेल तर पुरे.
- डेल्टा डीव्हीपी: छोट्या मशीनसाठी स्वस्त आणि मस्त. सॉफ्टवेअर मोफत मिळतं. आरएस-४८५ वर मॉडबस असल्यामुळे व्हीएफडी जोडणं सोपं.
- सीमेन्स एस७-१२००: १२१४सी सीपीयूला १४ डिजिटल इनपुट, १० आउटपुट, २ अॅनालॉग इनपुट, शिवाय ८ सिग्नल मॉड्यूल जोडता येतात. प्रेशर सेन्सर आणि एचएमआय असलेल्या प्रेसला चांगला. पण टीआयए पोर्टलचं लायसन्स विकत घ्यावं लागतं.
- एस७-१५००, कंट्रोललॉजिक्स: साखर कारखान्याचा बॉयलर, को-जनरेशन अशा मोठ्या कामांसाठी. जिनिंगच्या एका प्रेसला हा खर्च कशाला?

लॅडर सगळीकडे सारखंच ना?

दिसायला हो. आयईसी ६११३१-३ या मानकात लॅडर आहे, पण डेल्टाचा प्रोग्रॅम सीमेन्समध्ये जसाच्या तसा चालत नाही. ब्रँड बदलला की प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागतो. म्हणून तुमच्या भागातल्या टेक्निशियनला जो ब्रँड येतो, त्याला झुकतं माप द्या.

पॅनेलकडे लक्ष द्या

एस७-१२०० आडवा बसवला तर ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो, उभा बसवला तर ५० पर्यंतच. आपल्याकडचं ऊन आणि फॅनच्या जाळीत अडकणारी रुई लक्षात घ्या; जाळी नियमित साफ करा. इमर्जन्सी स्टॉप मात्र फक्त प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडू नका, त्याची वायरिंग वेगळी हवी.

शेवटचं बिल देण्याआधी कॉमेंटसह मूळ प्रोग्रॅम आणि पासवर्ड ताब्यात घ्या. ते हातात नसतील, तर ऐन हंगामात नवा पीएलसी आणूनही प्रेस जागची हलणार नाही.