पाचगणीचा घाट आणि कार्बनचा हिशेब

वाई सोडून पसरणी घाटाला लागलेले वाहन पाचगणीत पोहोचेपर्यंत सुमारे ६०० मीटर वर चढलेले असते. दीड टन वजनाची मोटार एवढी उंच न्यायची, तर इंजिनात वाया जाणारी उष्णता जमेस धरता निव्वळ चढणीपोटीच जवळपास एक लिटर पेट्रोल लागते. त्यातून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. मोटारीत दोघेच असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक किलोहून अधिक येतो. भरलेल्या बसमध्ये हाच वाटा अर्ध्या किलोच्या आसपास राहतो.

२०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत जाहीर केले. त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या विद्युत वाहन धोरणाने सार्वजनिक वाहतुकीच्या विद्युतीकरणासाठी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद व अमरावती ही शहरे निवडली. गर्दी जिथे, तिथे पैसा, हे तर्कसंगतच. पण त्याच शहरांतील वाहने सुटीच्या दिवशी घाट चढतात, तेव्हा ती शहराच्या धोरणाबाहेर गेलेली असतात.

पाचगणीपुढची अडचण केवळ धुराची नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. रस्ता रुंद करायचा तर डोंगर कापावा लागेल, वाहनतळ वाढवायचे तर झाडे. मोटार विजेची झाली म्हणून तिला जागा कमी लागत नाही! राज्याच्या २०२५ च्या धोरणात विद्युत मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफीची तरतूद आहे. त्यामुळे इंधन बदलेल, रांग मात्र तशीच राहील. वाहनांऐवजी माणसांची ने-आण महत्त्वाची, हे केंद्राच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणाचे सूत्र येथे अधिक उपयोगी पडावे.

माथेरानप्रमाणे मोटारी गावाबाहेर अडवणे पाचगणीला शक्य नाही. महाबळेश्वरचा रस्ता गावातूनच जातो. शिवाय निवासी शाळा आणि स्थानिकांची रोजची ये-जा आहे. व्यवहार्य मार्ग दिसतो तो वाईत मोटारी ठेवून पुढे विजेच्या बसने जाण्याचा. उतरताना विजेची बस ब्रेकमधून काही ऊर्जा बॅटरीत परत घेते, त्यामुळे घाटात तिचा लाभ विशेष. अर्थात, राज्यातील बरीचशी वीज अद्याप कोळशाची असल्याने उत्सर्जन शून्य होत नाही, हेही खरे.

अशा सेवेचे यश बॅटरीपेक्षा साध्या गोष्टींवर ठरेल: सामानाला जागा, फेऱ्यांची नियमितता आणि टेबललँडवर सूर्यास्त पाहून परतणाऱ्यांसाठी वाईकडे जाणारी उशिराची बस. त्यासाठी दोन्ही नगरपरिषदा, एसटी महामंडळ आणि जिल्हा प्रशासन यांनी एकच वेळापत्रक आखायला हवे.