फरशीवर उतरलेला वर्ग

जून 2015मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटकडे, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाकडे, राज्यभरातल्या शिक्षकांची रीघ लागली. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं असं मानणाऱ्या, पद्धतीचं काम आधीपासूनच उभं केलं होतं. पाहायला आलेल्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरायची ती वर्गाची मांडणी. फरशीवर रंगवलेल्या संख्यारेषा आणि अक्षरांचे चौकोन, भिंतीच्या तळाशी मुलांचा हात सहज पोचेल असे तळफळे. मुलं चार-पाचच्या गटात गोल करून बसलेली आणि बाई त्यांच्यातच मांडी घालून. फळ्याकडे तोंड करून बसलेली रांग कुठेच नाही.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. एवढ्या काळात आपल्या वर्गांमधलं बोलणं किती बदललं, हे तपासायला हवं. मुलं एकमेकांशी अभ्यासाबद्दल बोलू लागली का, हा माझ्या लेखी खरा प्रश्न आहे. फरशी रंगवली की नाही, हा त्यामानानं फार लहान.

कोण कुठे बसतं हा आपल्याकडे कधीच साधा मामला नव्हता. याच साताऱ्यात 1900 साली बाबासाहेब आंबेडकर सरकारी शाळेत दाखल झाले. तिथे त्यांना कोपऱ्यात वेगळं बसावं लागे, तेही स्वतःचं गोणपाट घरून नेऊन. शाळेतला शिपाई त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि परत आणायचं. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. इतर मुलांना गुणवत्तेनुसार जागा असे. बरोबर उत्तर देणारा वरच्या नंबरावर सरकायचा, चुकलेला खाली. या मुलाला मात्र उत्तर देऊनही जागा बदलता येणार नव्हती. ‘हुशार पुढे, बाकीचे मागे’ ही सवय त्यानंतरही कितीतरी वर्षं आपल्या वर्गांत मुक्काम करून आहे.

ती मोडण्याचे प्रयत्नही जुनेच. मारिया माँटेसोरींनी 1907 साली रोममध्ये बालगृह काढलं, तेव्हा जखडलेल्या बाकांऐवजी मुलाला स्वतः उचलून हलवता येतील अशी छोटी टेबलं-खुर्च्या ठेवल्या. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. त्यांनी तर शाळाच मुलांकडे नेली: पाड्यावरच्या अंगणात आणि, पुढे कोसबाडला, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात. अंगणात रांग लावायला बाकच नव्हते. मूल जिथे बसेल ती त्याची जागा, आणि ताई उठून तिथे जाणार.

जागेमुळे बोलणं नेमकं कसं बदलतं, हे मात्र नंतर मोजलं गेलं. रेमंड अ‍ॅडम्स आणि ब्रूस बिडल यांनी अमेरिकेतल्या वर्गांचं चित्रीकरण करून 1970 साली दाखवलं, की शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला बराचसा संवाद पुढची रांग आणि मधली पट्टी एवढ्यातच घडतो. कडेच्या आणि मागच्या मुलांपर्यंत तो जेमतेम पोचतो. पुढे जर्मनीत चौथीच्या एका वर्गावरच्या अभ्यासात रांगांपेक्षा अर्धवर्तुळात बसलेली मुलं जास्त प्रश्न विचारतात, असं आढळलं. याची दुसरी बाजूही आहे. 1980च्या दशकात इंग्लंडमध्ये केव्हिन व्हेलडॉल यांच्या कामातून दिसलं, की एकट्यानं करायच्या लेखी कामात मुलं रांगेत असताना जास्त लक्ष देतात, टेबलाभोवती बसवली की भरकटतात. त्यात विचित्र काही नाही. शेजाऱ्याकडे तोंड करून बसवायचं आणि शेजाऱ्याशी बोलू नको म्हणायचं, हा मुलावर अन्यायच. म्हणून आधी काम ठरवावं, मग बैठक.

कुमठ्याचं मर्म मला इथेच वाटतं. तिथे काम आधी होतं, फरशी नंतर आली. पण पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत पसरताना उलटं झालं, कारण फरशी डोळ्यांना दिसते, फोटोत येते, आणि केंद्रप्रमुखांना ‘झालं’ म्हणून कळवता येते. लोकवर्गणी जमली, ऑइल पेंटचे डबे आले, सुट्टीत गुरुजींनी गुडघे टेकून फरश्या रंगवल्या. त्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. तरीही रंग उडू नये म्हणून त्याच फरशीवर सतरंजी अंथरलेली मी पाहिली आहे. साहेबांची भेट असली की सतरंजी गुंडाळायची आणि एरवी मुलं तिच्यावर रांगेत.

नीट चाललेला वर्गही पाहिला. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून एका हॉलमध्ये. दुसरीच्या गटापुढे काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि काही सुट्ट्या काड्या, गणित बेचाळीस वजा सतराचं. एका मुलानं दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन काढले आणि पस्तीस सांगितले. समोरची मुलगी म्हणाली, “तू गठ्ठा सोडलाच नाहीस.” तो म्हणाला, “कशाला सोडू?” तिनं गठ्ठ्याचं रबर काढून दहा काड्या त्याच्यापुढे ओतल्या आणि बोट दाखवून म्हणाली, “आता मोज.” गुरुजी तेव्हा चौथीच्या गटात होते, त्यांनी मानही वळवली नाही. या दोघांत एक बाक आडवा असता तर तिला त्याच्या काड्या दिसल्याच नसत्या.

2020मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि पुढच्या वर्षी उघडल्या त्या एका बाकावर एक मूल, मध्ये अंतर, वस्तूंची देवाणघेवाण बंद, या अटींवर. आजारच तसा होता, त्याला इलाज नव्हता. पण अटी उठल्यावरही गट काही ठिकाणी परत जमले नाहीत. तोवर शिक्षक बदलून गेले होते, आणि नव्यानं आलेल्यांना त्या रंगीत फरशीचं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

2025मध्ये वर्गातल्या बैठकीचा हाच विषय दक्षिणेत पेटला. ‘स्थानार्थी श्रीकुट्टन’ या मल्याळम चित्रपटाच्या शेवटी वर्ग तिन्ही भिंतींलगत बसवलेला दिसतो, मागचा बाक उरतच नाही. ते पाहून केरळातल्या काही शाळांनी तशी रचना केली, तामिळनाडू सरकारनंही ती शाळांना सुचवली. लगेच आक्षेप आले: कडेच्या मुलांना फळा तिरका दिसतो, मान सतत वळवावी लागते, साठ मुलांच्या खोलीत ही रचना मावणार कुठे? हे आक्षेप खरे आहेत आणि फळाच केंद्रस्थानी राहणार असेल तर रास्तही आहेत. मुलांनी एकमेकांकडे पाहून बोलायचं असेल तर मात्र मानेची तक्रार उरत नाही.

साठ मुलांचा मुद्दा त्यानंतरही उरतोच. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी पस्तिसांमागे एक असं प्रमाण ठरवलं. तीस मुलं गोलात बसतात. शहरातल्या भरलेल्या माध्यमिक वर्गांत तिघा-तिघांचे बाक भिंतीला टेकलेले असतात आणि बाईंना मागच्या मुलापर्यंत जायला वाटच नसते. तिथे निदान दर दुसऱ्या रांगेतल्या मुलांनी वळून मागच्यांशी पाच मिनिटं बोलावं, एवढं तरी शक्य आहे, आणि काही शिक्षक ते नेमानं करतातही. त्यांची अडचण बाकाचीच असते. शाळांसाठी घेतले जाणारे बाक बहुतेक लोखंडी, बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच सांगाड्याला वेल्ड केलेली. मुलाला उलटं बसायचं तर पाय कुठे घालायचे, हा प्रश्न. बाकांची पुढची खरेदी होईल तेव्हा दोन मुलांना मिळून उचलता येईल असं सुटं, हलकं टेबल मागायला हवं, आणि मागणीपत्र लिहायला वर्गावरच्या शिक्षकांना बसवायला हवं.