हालचालीवर चालणारे क्रीडा-व्हिडिओ गेम : व्यायाम, अतियोग आणि वैद्याची दृष्टी

दिनचर्येत व्यायामाचे स्थान किती महत्त्वाचे आहे, हे वैद्यवर्गास सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र व्यायामाचे जे प्रकार संहिताकारांसमोर नव्हते, ते आज रुग्णांच्या घरात आले आहेत आणि त्यांचा विचार मूळ सिद्धांतांच्या आधारे आपणांस करावा लागणार आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर उभे राहून, हातात एक लहान कंट्रोलर धरून टेनिस, बॉलिंग किंवा मुष्टियुद्ध खेळणे हा त्यांपैकीच एक प्रकार होय.

या खेळांचे स्वरूप

निन्टेन्डो या जपानी कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये प्रथम अमेरिकेत 'वी' नावाचे यंत्र विक्रीस आणले. त्याच्या कंट्रोलरमध्ये हाताच्या गतीतील बदल मोजणारा 'अ‍ॅक्सेलरोमीटर' बसविलेला होता. हात फिरविताच तो बदल यंत्राकडे पोहोचतो आणि पडद्यावरील खेळाडू आपली रॅकेट फिरवितो. यंत्रासोबत अनेक देशांत दिल्या गेलेल्या 'वी स्पोर्ट्स' या संचात टेनिस, बेसबॉल, बॉलिंग, गोल्फ व मुष्टियुद्ध असे पाच खेळ होते. दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. पुढे त्यांचे उत्पादन थांबले, पण हा खेळप्रकार थांबला नाही. त्याच कंपनीचा 'स्विच स्पोर्ट्स' हा संच २०२२ मध्ये आला व त्यात बॅडमिंटन, व्हॉलीबॉल इत्यादी खेळ समाविष्ट झाले.

बटणे दाबत बसण्यापेक्षा उभे राहून खेळणे बरे, या विचाराने पालकांनी या खेळांचे स्वागत केले. या समजुतीत तथ्य किती, हे पाहणे उचित ठरेल.

ऊर्जाव्ययाचा हिशेब

इंग्लंडमधील लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठातील संशोधकांनी १३ ते १५ वर्षे वयाच्या ११ मुलामुलींवर केलेला अभ्यास २००७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. बसून खेळण्याच्या गेमपेक्षा वी वरील बॉलिंग, टेनिस व मुष्टियुद्ध खेळताना ऊर्जाव्यय किमान ५१ टक्के अधिक आढळला. तथापि तो प्रत्यक्ष मैदानी खेळाच्या तुलनेत कमीच होता आणि मुलांसाठी शिफारस केलेल्या दैनंदिन व्यायामात त्याची गणना करण्याइतका तीव्र नव्हता. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मुलांना असे हालचालीचे गेम घरी देण्यात आले. बसून खेळायचे गेम मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची एकूण शारीरिक हालचाल वाढलेली दिसली नाही.

याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. 'वी स्पोर्ट्स'मधील टेनिसमध्ये चेंडूच्या दिशेने धावण्याचे काम पडद्यावरील खेळाडू आपण होऊन करतो. खेळणाऱ्याने केवळ योग्य क्षणी हात फिरवावयाचा असतो. म्हणजे पाय, कटी व श्वसन यांना विश्रांती आणि एका बाहूस अखंड श्रम, अशी ही वाटणी आहे.

अयोग व अतियोग एकत्र

चरकाचार्यांनी काल, अर्थ व कर्म यांचे अतियोग, अयोग व मिथ्यायोग हे व्याधीचे त्रिविध आयतन मानले आहे. प्रस्तुत विषयाचे मर्म येथेच आहे. या खेळात सर्व शरीराच्या दृष्टीने कर्माचा अयोग आणि एका अंगाच्या दृष्टीने कर्माचा अतियोग, हे दोन्ही एकाच तासात घडतात.

बार्सिलोना येथील डॉ. हुलिओ बोनिस यांनी जून २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये असा एक रुग्ण नोंदविला आहे. २९ वर्षे वयाचा एक निरोगी निवासी डॉक्टर रविवारी सकाळी उजव्या खांद्याच्या तीव्र वेदनेने जागा झाला. आघात झालेला नव्हता. अलीकडे कोणताही खेळ वा व्यायामही केलेला नव्हता. अधिक चौकशी करता, त्याने नवे यंत्र आणून कित्येक तास टेनिस खेळल्याचे निष्पन्न झाले. अंसफलकाच्या मागील बाजूस असणाऱ्या इन्फ्रास्पायनेटस पेशीच्या कंडरेचा तो तीव्र शोथ होता. आठवडाभर आयबुप्रोफेन व खेळापासून पूर्ण विश्रांती एवढ्यावर रुग्ण बरा झाला.

कंट्रोलर हलका असताना कंडरेस इजा कशी होते, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. पहिल्या यंत्राच्या कंट्रोलरचे वजन सुमारे १५० ग्रॅम होते, स्विचचा तर सुमारे ५० ग्रॅमच आहे. परंतु हात हलका असला की तो अधिक वेगाने व अधिक वेळा फिरतो, आणि वेगाने सुटलेला बाहू प्रत्येक वेळी थांबविण्याचे काम खांद्याच्या मागील पेशींनाच करावे लागते. मैदानावर चेंडू वेचणे, बाजू बदलणे यांत आपोआप विश्रांती मिळते. येथे पुढचा चेंडू लगेच समोर येतो. खेळाडू आवेशात किती जोर लावतात, याची कल्पना एका घटनेवरून येईल. कंट्रोलर हातातून निसटून मनगटपट्टे तुटू लागल्यामुळे डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने सुमारे ३२ लाख पट्टे बदलून देण्याचे जाहीर केले होते.

अर्धशक्तीचे लक्षण येथे अपुरे

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा आपला सर्वमान्य नियम. कपाळ, नासिका व कक्षा येथे स्वेद येणे, मुखशोष होणे, श्वास मुखाने घ्यावा लागणे ही त्याची लक्षणे. परंतु ही लक्षणे सर्व शरीराच्या श्रमाची आहेत. एकाच बाहूने श्रम होत असता घाम येण्यापूर्वी व श्वास वाढण्यापूर्वीच त्या अंगाची शक्ती अर्ध्याहून अधिक खर्च झालेली असते. म्हणून या खेळाबाबत केवळ 'दमल्यावर थांबा' हा सल्ला पुरेसा नाही. वेळेची मर्यादा आधीच घालून द्यावी. प्रारंभी एका वेळी २० मिनिटे, दोन्ही हातांचा आलटून पालटून वापर, आधी खांदे व मनगटे सावकाश फिरविणे आणि नंतर अंगमर्दन, असा क्रम सांगता येईल. भोजनानंतर लगेच व अजीर्ण असता खेळू नये, हे व्यायामाचे सामान्य नियम येथेही लागू आहेत.

चिकित्सालयात व औषधालयात

वर उल्लेखिलेल्या रुग्णाचा सर्वांत मोठा धडा असा की, रुग्ण या खेळाची गणना श्रमात करीत नाही. 'काही लागले का? काही जड उचलले का?' या प्रश्नांना तो प्रामाणिकपणे नकारच देतो. हेतू सापडला नाही की अवबाहुक, आमवात किंवा ग्रीवेचा विकार गृहीत धरून औषधयोजना होते. हेतुसेवन मात्र रोज सायंकाळी चालूच राहते. म्हणून खांदा, कूर्पर वा मणिबंध यांच्या नव्या वेदनेत 'घरात एखादे नवे खेळाचे यंत्र आले आहे का, कोणत्या हाताने व किती वेळ खेळता?' हा प्रश्न अवश्य विचारावा. निदानपरिवर्जन ही येथे पहिली चिकित्सा होय. स्पर्शास उष्णता व सूज असता जोराचे मर्दन टाळावे. स्नेहन-स्वेदनाचा विचार तीव्र अवस्था ओसरल्यावर करावा.

औषधालयाच्या चालकांकडे असा रुग्ण बहुधा वैद्याच्या आधीच पोहोचतो व तेल किंवा गुग्गुळकल्प मागतो. त्यांनीही हाच प्रश्न विचारावा. बाहूच्या वेदनेसोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असल्यास वेळ न दवडता रुग्णास रुग्णालयात पाठवावे. हात उचलताच न येणे, बधिरता, ज्वर किंवा पडल्यानंतरची वेदना असल्यास तेल न देता तपासणीसाठी धाडावे.

उपयोगाची मर्यादा

पक्षाघाताच्या रुग्णासाठी असे यंत्र घ्यावे का, अशी पृच्छाही नातेवाइकांकडून होते. टोरांटो येथील डॉ. गुस्ताव्हो सापोस्निक व सहकाऱ्यांनी १४१ रुग्णांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाने वी वर सराव केला. दुसऱ्याने पत्ते, चेंडूफेक यांसारखे साधे खेळ खेळले. दोन्ही गटांत हाताची क्रिया सुधारली आणि दोहोंत लक्षणीय अंतर आढळले नाही. यावरून घरातील पत्त्यांचा जोडही रुग्णाच्या हाताला काम देऊ शकतो, हे ध्यानी येईल. खर्च न झेपणाऱ्या कुटुंबास हे स्पष्ट शब्दांत सांगणे आपले कर्तव्य आहे.

यंत्रे बदलतील, खेळांची नावे बदलतील. वैद्यबंधू-भगिनींनी रुग्णपत्रकातील 'व्यायाम' या रकान्याखाली 'पडद्यासमोरील खेळ' अशी एक ओळ आजच वाढवावी, ही विनंती.