देवडीवरची वही

हल्ली सोलापुरातल्या पुष्कळ घरांत सकाळी हे दृश्य दिसते. मुलगी चहाचा कप बाजूला सारून संगणक उघडते आणि म्हणते, "बाबा, जरा थांबा हं, व्हीपीएन जोडते." ती इथे, तिची कचेरी पुण्यात आणि मधला रस्ता साऱ्या जगाच्या वहिवाटीचा. त्या रस्त्याखालून कुणाला न दिसता जाणारे भुयार म्हणजे व्हीपीएन. भुयाराचे कौतुक सारेच करतात. त्याच्या टोकाला देवडीवर कोण बसले आहे, हे सहसा कुणी विचारीत नाही. मीही विचारले नव्हते, आणि त्यापायी एका भल्या माणसाची नोकरी जाणार होती.

गोष्ट २००७ सालची. सोलापुरातल्याच एका टॉवेलच्या कारखान्यात संगणकांची देखभाल माझ्याकडे होती. परगावचे विक्रेते रात्री मागण्या कळवीत आणि नवे भाव पाहत. त्यांच्यासाठी दोन दरवाजे होते. आठ टेलिफोन आणि आठ मोडेम, हा डायल-इनचा जुना दरवाजा; ज्यांच्या गावी ब्रॉडबँड पोचले होते त्यांच्यासाठी ओपनव्हीपीएनचा नवा. दोन्हींच्या नावांच्या याद्या मात्र वेगवेगळ्या.

नवरात्रात असे ध्यानात आले, की आमचे भाव दुसऱ्या एका व्यापाऱ्याला आधीच कळताहेत. संशय आला भावपत्रक टंकणाऱ्या वयस्कर कारकुनांवर. सारे त्यांना काका म्हणत. मालक मला म्हणाले, "पाडव्यानंतर येऊ नका म्हणून सांगतो त्यांना." काकांच्या कानांवर ते गेलेच. बोलले काही नाहीत. पण दुपारी डबा उघडायचे आणि भाकरी तशीच परत बांधायचे.

मी मालकांकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली. आत कोण येते, केव्हा येते, हे पाहण्याची सोय दोन्ही दरवाज्यांवर एकच हवी होती. त्या वेळी माझ्यापुढे दोन मार्ग होते. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये दरवाजे आणि पहारेकरी दोन्ही तयार मिळत. चालवायला सोपे, पण माणसामागे परवान्याचे पैसे. दुसरा मार्ग लिनक्सवरच्या फ्रीरेडियसचा. पैसे नाहीत, पण शिकायला कष्ट. मला लिनक्स थोडेफार येत होते आणि रात्री काही बिघडले तर पुण्याहून माणूस येईपर्यंत थांबण्याची सोय नव्हती. मी दुसरा मार्ग धरला.

रेडियस ही पद्धत अमेरिकेत १९९१ साली डायल-इनसाठीच निघाली. दरवाजा कोणताही असो, तो आलेल्याचे नाव आणि संकेतशब्द एकाच पहारेकऱ्याकडे पाठवतो. पहारेकरी तीन कामे करतो: ओळख पटवतो, कुठवर जाऊ द्यायचे ते सांगतो आणि कोण केव्हा आले, केव्हा गेले, हे वहीत मांडतो. दोन्ही याद्यांतली नावे मी जशीच्या तशी त्याच्या हवाली केली.

पाचव्या रात्री वहीत एक नाव उमटले. डायल-इनवरून नऊ वाजून बारा मिनिटांनी आत, अकरा मिनिटांनी बाहेर. हा विक्रेता आषाढातच आम्हांला सोडून गेला होता. व्हीपीएनच्या यादीतून त्याचे नाव मी काढले होते. डायल-इनच्या यादीत ते राहून गेले होते. चूक माझी होती.

तो कागद मी मालकांपुढे ठेवला. मालक उठून काकांच्या टेबलाशी गेले आणि एवढेच म्हणाले, "काका, चुकलं आमचं." काकांनी मान हलवली आणि यंत्रात नवा कागद चढवला. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढे मोडेम भंगारात गेले, वही राहिली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि सारी कचेरी एकदम घरून आत येऊ लागली. तेव्हा कळले, की यादीत नावे किती याला महत्त्व नाही. एका वेळी किती येतात ते मोजावे. आमच्या ओपनव्हीपीएनचा सारा भार सर्व्हरच्या प्रोसेसरमधला एकच गाभा ओढीत होता, बाकीचे रिकामे बसलेले. मी त्याचीच दुसरी प्रत वेगळ्या पोर्टवर सुरू केली आणि माणसे वाटून दिली. दरवाजे दोन झाले, वही एकच.

त्याच महिन्यात वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले. फार वेगवान आणि आटोपशीर. पण ते फक्त किल्ली ओळखते. नाव आणि संकेतशब्द स्वतः विचारीत नाही. म्हणून ते घेणाऱ्याने वहीची व्यवस्था निराळी करावी.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, असे मला अजून विचारतात. मी उलट विचारतो, एका वेळी किती जण येणार? बिघडले तर दुरुस्त कोण करणार? आणि नोकरी सोडून गेलेल्याचे नाव एकाच जागी खोडले की सगळे दरवाजे बंद होतात ना? तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक जण थांबतात. मग मी त्यांना काकांची गोष्ट सांगतो.