न जाणारा थकवा

सहा महिने उलटूनही न जाणारा आणि विश्रांतीला न जुमानणारा थकवा दीर्घकालीन मानला जातो. रक्तक्षय, मंदावलेली थायरॉईड ग्रंथी, मधुमेह, क्षयरोग, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही त्याची नेहमीची कारणे. त्यामुळे पहिली पायरी रक्ततपासणीचीच. भारतात संशय आधी रक्तक्षयावर जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

गोव्यातील एका पाहणीने मात्र या समजुतीला धक्का दिला. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची माहिती घेतली. निष्कर्ष २००५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. सुमारे १२ टक्के स्त्रियांना दीर्घकाळ थकवा होता, पण हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो नैराश्य आणि चिंता, कमी शिक्षण, कुटुंबावरचे कर्ज आणि नवऱ्याकडून होणारी लैंगिक हिंसा यांच्याशी. अर्थात अशा पाहणीतून आधी काय आले, थकवा की उदासी, हे ठरत नाही. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात.

शक्ती गळून जाणे हे मुळात नैराश्याच्या प्रमुख लक्षणांपैकी एक. पण 'मन लागत नाही' असे सांगत सहसा कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. 'अंगात त्राण नाही' असेच सांगितले जाते आणि सलाईन किंवा टॉनिकवर बोळवण होते. याची उलट बाजूही तितकीच खरी. अहवाल निर्दोष आला म्हणजे दुखणे मनाचेच, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस या आजारात थोड्याशा श्रमानंतरही त्रास बळावतो आणि कित्येक दिवस टिकतो. अशा रुग्णाला 'जरा हातपाय हलवा' हा सल्ला महागात पडू शकतो.

नैराश्यावरील उपचारांची वाट अधिक बिकट. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. यावरचा एक तोडगाही गोव्यातूनच आला. 'संगत' या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. सहा ते आठ भेटींत रुग्णासोबत दिनक्रमातली छोटी, मनाला उभारी देणारी कामे ठरवायची आणि अडचणी सोडवायच्या, एवढीच पद्धत. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. नेहमीच्या, थोड्या सुधारित उपचारांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

२०२२ पासून 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते, मराठीतूनही. मात्र हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी फोनवर होत नाही; तेवढ्यासाठी आरोग्य केंद्र गाठावेच लागते.